एका चुलीचा दाखला

नाना सरकारला चांगले ओळखत होते. सरकार नानांना ओळखत नव्हतं ही गोष्ट वेगळी. नाना रबरी शिक्के बनवायचे, आणि शिक्का कोरावा लागतो उलटा, त्यामुळे तीस-पस्तीस वर्षं त्यांनी सरकार उलट्या बाजूनं पाहिलं होतं. 'मंजूर', 'नामंजूर', 'अपूर्ण', 'तपासले', 'खरी प्रत' हे सगळं नानांच्या हातून गेलेलं. 'उद्या या' असा शिक्का मात्र त्यांच्याकडे कुणी कधी मागितला नाही. ते काम कार्यालयं तोंडीच करतात, त्यात शाई वाचते.

तेव्हा माईंच्या ऑपरेशनसाठी सरकारी आरोग्य कार्ड काढायचं ठरलं, त्या दिवशी नानांना वाटलं की हे तर घरचंच कार्य आहे.

माई म्हणजे नानांची बायको. उजव्या बरगडीखाली हात दाबून "काही नाही, वारा धरलाय" असं त्या चार महिने म्हणत होत्या. शेवटी पोटाचा फोटो काढला तेव्हा तो वारा म्हणजे पित्ताशयातले तीन खडे निघाले. डॉक्टर म्हणाले, "महिन्या-दीड महिन्यात काढून टाका. एखादा नळीत अडकला तर मग पळापळ होईल." हॉस्पिटलनं खर्चाचा कागद दिला. तो नानांनी अर्धाच वाचला, चार घड्या घालून खिशात ठेवला आणि दुकानात येऊन बसले. नाना घाबरले होते. आयुष्यात इतके ते कधीच घाबरले नव्हते, आणि त्याचा पुरावा म्हणजे त्या दिवशी त्यांनी एक अख्खा शिक्का सुलटा कोरला. कागदावर मारल्यावर तो उलटा उमटला, तेव्हा शेजारचा झेरॉक्सवाला धावत आला.

"नाना, काय झालं?"

नानांनी सांगितलं. झेरॉक्सवाल्याच्या दुकानातून गावभरचे कागद जात, म्हणून गावभरची अक्कलही त्याच्याकडे एकेक प्रत शिल्लक असे. तो म्हणाला, "अहो, मग सहाय्य कार्यालयाचं कार्ड काढा की. उत्पन्न कमी असेल तर विमा फुकट. थोडं जास्त असेल तर फुकटासारखा."

'फुकट' हा शब्द नानांना लागला. आपण कुणापुढे हात पसरला नाही, पसरणार नाही, वगैरे ते बराच वेळ बोलले. घरी आल्यावर वरच्या मजल्यावरच्या मास्तरांनी त्यांना समजावलं, "नाना, फुकट म्हणू नका. हक्काचं म्हणा." शब्द बदलल्याबरोबर नानांना अर्ज भरायचा हुरूप आला.

अर्ज अकरा पानी होता. नानांनी तो एका बैठकीत भरला. चौदाव्या रकान्यात प्रश्न होता : 'एका चुलीवर जेवणारी माणसे किती?' नानांनी लिहिलं, 'दोन', आणि त्याखाली एक रेघ ओढली. ती रेघ अर्जाला नको होती, नानांना हवी होती.

आता ही रेघ का, ते सांगायला हवं. नानांना एक धाकटा भाऊ. सगळे त्याला धाकटाच म्हणत, तो साठीला आला तरी. पूर्वी दोघं भाऊ एकाच दुकानात शिक्के कोरायचे. नऊ वर्षांपूर्वी धाकट्यानं दाबल्यावर आपोआप शाई लागते ते प्लास्टिकचे शिक्के आणले. नाना म्हणाले, "ही खेळणी आहेत." धाकटा म्हणाला, "आणि तुझे काय, भंगार?" बोलाचाली वाढत गेली. वडिलांच्या नावावरच्या चार खोल्यांच्या मधोमध प्लायवुडची भिंत उभी राहिली. ती बाहेरच्या खोलीपासून निघून थेट स्वयंपाकघराचे दोन तुकडे करत मागच्या खिडकीला भिडली. त्याच दिवशी नानांनी दारात उभं राहून सगळ्या जिन्याला ऐकू जाईल असं जाहीर केलं, "आजपासून चूल वेगळी! त्या घरचं पाणीसुद्धा पिणार नाही!" आणि नानांचा शब्द म्हणजे शब्द. नऊ वर्षं दोघं भाऊ जिन्यात समोरासमोर आले की एक जण चपलेचा अंगठा तपासू लागे आणि दुसरा वीजमीटरचे आकडे.

नानांच्या या बाण्याला माईंच्या संसाराची जोड होती. सकाळी पलीकडून फोडणीचा वास आला की नाना नाक मुरडत, "बघ, लसूण करपवला त्यांनी. हातच नाही धाकट्याच्या बायकोला." आणि तासाभरानं स्वतःच्या ताटातली भाजी खाऊन म्हणत, "याला म्हणतात फोडणी!" माई आणखी एक पोळी वाढत. गॅसच्या बाबतीत तर नाना मास्तरांना मुद्दाम थांबवून सांगत, "साऱ्या इमारतीत आमचा गॅस सगळ्यांत जास्त पुरतो. निम्म्या खर्चात घर चालवते ही." स्वतः नाना स्वयंपाकघरात जात नसत. पाणी हवं असलं तर दारातून हात लांब करत. तिथल्या भिंतीवर सहा वर्षांपूर्वीचं कॅलेंडर लटकतंय एवढं मात्र त्यांनी दारातूनच हेरलं होतं, पण माई म्हणाल्या, "चित्र चांगलं आहे, राहू द्या."

घरातल्या दुरुस्त्यांच्या बाबतीतही नाना शब्दाचे पक्के होते. नळ गळतोय, कपाटाचं दार लागत नाही, शेगडीचा पाइप बदलायला हवा, असं माईंनी काहीही सांगितलं की ते लगेच म्हणत, "उद्या बघतो." या शब्दात त्यांनी कधी बदल केला नाही.

तर अर्ज घेऊन नाना कार्यालयात गेले. खिडकी क्रमांक तीनवर एक बाई होत्या. त्यांनी अकरा पानं अकरा सेकंदांत पाहिली, भावाबहिणींचा तक्ता रिकामा आहे म्हणाल्या, आणि पहिल्या पानावर शिक्का मारला : 'अपूर्ण'. नानांनी चष्मा वर केला. कडेची दुहेरी चौकट, उजव्या कोपऱ्यात जराशी खोच. हा तर आपलाच! बावीस वर्षांपूर्वीचा! अर्ज परत आल्याचं दुःख बाजूला राहिलं आणि त्यांचा ऊर भरून आला.

"बाई, एक सांगू? आठवड्यातून एकदा याला ओलं फडकं लावत जा. अजून वीस वर्षं जाईल."

"पुढचे," बाई म्हणाल्या.

दुसऱ्या खेपेला नाना तक्ता भरून गेले. या वेळी बाईंनी कॉम्प्युटरमध्ये डोकावून पाहिलं.

"तुम्ही दोन माणसं लिहिलीत. तुमच्या पत्त्यावर चार दिसताहेत."

"दिसणारच. भिंतीपलीकडे दोघं आहेत."

"भिंत कॉम्प्युटरला दिसत नाही, काका."

"पण मला दिसते ना! मी तिथं राहतो!"

बाईंनी सुस्कारा सोडला. त्या वाईट नव्हत्या, नुसत्या दमलेल्या होत्या. "हे बघा. दोन माणसांचं कुटुंब धरलं तर तुमचं उत्पन्न मर्यादेच्या वर जातं."

"किती वर?"

"थोडंसंच. चपलांच्या एका जोडाइतकं. पण वर ते वर. चार माणसं धरली तर मर्यादा वाढते. तुमच्या भावाचं उत्पन्न त्यात मिळवलं तरी तुम्ही आत बसता. चौघांनाही कार्ड मिळेल, ऑपरेशन पूर्ण मोफत."

नानांनी डोकं खाजवलं. "म्हणजे घरात माणसं जितकी जास्त, तितका मी गरीब?"

"हो."

"आणि मी एकटाच असतो तर?"

"तर आणखी श्रीमंत."

"म्हणजे ज्याचं जगात कुणीच नाही, तो सगळ्यांत श्रीमंत?"

"नियमाप्रमाणे, हो."

नाना जागच्या जागी उभे राहिले. हे बरोबर आहे की चूक, याचा त्यांना उलगडा होईना. बाई म्हणाल्या, "वेगळे असाल तर वेगळेपणाचा पुरावा आणा, मग अर्ज नामंजूर करता येईल. एकत्र असाल तर एका चुलीचा दाखला आणा, मग मंजूर करता येईल. तपासणीला माणूस घरी येतो." आणि त्यांनी दुसरा शिक्का उचलला. 'माहिती जुळत नाही.' टक् असा आवाज झाला. शाईच्या गादीवर न टेकवताच तो उमटला होता. प्लास्टिकचा! धाकट्याचा! नकार मिळाल्याचं नानांना फारसं वाटलं नाही. तो त्या खेळण्यानं मिळाला, हे मात्र घरी पोचेपर्यंत डोक्यातून गेलं नाही.

संध्याकाळी जिन्यात सल्लागार मंडळ बसलं. मास्तर म्हणाले, "फाटका सदरा घाला, दाढी वाढवा आणि रडा." नाना म्हणाले, "माझी अडचण गरीब दिसण्याची नाही, मास्तर. माझी अडचण चार दिसण्याची आहे." झेरॉक्सवाला हळूच म्हणाला, "नाना, दाखला म्हणजे काय? एक कागद आणि एक शिक्का. कागद मी देतो. शिक्का तुम्ही कोरायला किती वेळ?"

नानांचा चेहरा लाल झाला. "पस्तीस वर्षांत लोकांनी मला काय काय आमिषं दाखवली! डॉक्टर व्हायला आले, वकील व्हायला आले. एकाला तर सरळ न्यायाधीश व्हायचं होतं. एकालाही मी शिक्का दिला नाही. आणि आता स्वतःसाठी?" झेरॉक्सवाला ओशाळला. पण जिना चढताना नानांच्या मनात येऊन गेलंच, की दोन तासांचं काम आहे. ते आपल्या मनात आलं याची त्यांना जिना संपेपर्यंत लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी दुपारी ताट वाढता वाढता माई स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात खाली बसल्या. चेहरा पांढरा पडलेला, कपाळावर घाम. म्हणाल्या, "जरा बसते. मग वाढते." नानांनी त्यांना धरून पलंगावर नेलं. अर्ध्या तासानं कळ ओसरली. नाना ताटाला शिवले नाहीत. चपला घातल्या, दार उघडलं, दोन पावलं चालले आणि शेजारचं दार ठोठावलं. त्या दोन पावलांना नऊ वर्षं लागली होती.

दार धाकट्यानं उघडलं. नानांनी बोलायचं मनात जुळवून आणलं होतं, पण तोंडातून एकच शब्द आला.

"चूल."

"काय?"

"चूल हवी आहे. तुझी. म्हणजे कागदावर." मग नानांनी सगळं सांगितलं. खडे, खिडकी नंबर तीन, चपलांचा जोड, चार माणसं. धाकटा दाराला धरून ऐकत राहिला.

"म्हणजे तुला खोटं लिहायचंय," तो म्हणाला. "तुला?"

"हो," नाना म्हणाले. मान खाली घालून.

"वहिनींसाठी ना?"

"हो."

"मग विचारतोस काय? मला नऊ वर्षांत पहिल्यांदा काही मागितलंस आणि तेही एवढं भिऊन!" धाकट्यानं दार सताड उघडलं. "आत ये. पाणी घे." नानांनी शब्द दिलेला होता, पण ते पाणी प्यायले. आतून धाकट्याची बायको पदराला हात पुसत आली आणि काय झालं ते ऐकून का कोण जाणे, हसू दाबत पुन्हा आत पळाली. नानांना तिचा रागच आला.

चौदाव्या रकान्यात 'चार' लिहून अर्ज पुन्हा गेला आणि तपासणीची तारीख लागली. दोघा भावांनी बेत आखला : नानांचं स्वयंपाकघर अडगळीची खोली आहे म्हणायचं, शेगडीवर जुनं पोतं टाकायचं, ताटं-वाट्या पलीकडे न्यायच्या. नाना तर प्लायवुडही उचकटायला निघाले होते. माई पलंगावरून म्हणाल्या, "तुम्ही दोघं काहीही करू नका. आम्ही बायका बघतो." धाकटी भिंतीपलीकडून म्हणाली, "हो ताई!" प्लायवुडमधून आवाज इतका स्वच्छ येतो हे नानांना ठाऊक होतं, फक्त आजवर ते त्याला 'कटकट' म्हणत होते.

तपासनीस बाई आल्या. खांद्याला कापडी पिशवी, पायात झिजलेल्या चपला, नजर अशी की पडद्यामागचं दिसावं. चौघं धाकट्याच्या बाहेरच्या खोलीत ओळीनं बसले. बाईंनी नानांनाच पहिला प्रश्न केला.

"तुमच्या घरात मीठ कुठे असतं?"

हा प्रश्न अर्जात नव्हता. "मीठ... जेवणात असतं."

बाईंनी धाकट्याकडे पाहिलं. तो म्हणाला, "मिठाच्या डब्यात."

"डबा कुठे असतो?"

धाकट्यानं बायकोकडे पाहिलं. बाईंनी वहीत काहीतरी लिहिलं आणि ते मोठ्यानं वाचलं, "दोन्ही पुरुषांना मीठ माहीत नाही. याबाबतीत कुटुंब एकत्र आहे." माई आणि धाकटी दोघी एका दमात म्हणाल्या, "खिडकीशी, चहाच्या डब्याच्या मागे."

बाईंनी मान डोलावली आणि पिशवीत हात घातला. काम झालं होतं. आणि नेमकं तेव्हाच नानांचं मन खाऊ लागलं. माईंकडे पाहिलं की वाटे, गप्प बस. त्या वहीकडे पाहिलं की वाटे, पस्तीस वर्षं. माईंनी डोळ्यांनी 'नको' म्हटलं, पण नाना उठलेच.

"बाई, थांबा. हे खोटं आहे."

"नाना!" धाकटा ओरडला.

"खोटं आहे," नाना म्हणाले. "आमच्या चुली दोन आहेत. नऊ वर्षं. मला बायकोचं ऑपरेशन करायचंय, पण तिच्या पोटातले खडे काढायला मी खोट्या कागदावर सही केली, तर ती मला पुढे जेवायला वाढेल कशी? या माझ्याबरोबर. माझी चूल दाखवतो."

आणि ते बाईंना घेऊन आपल्या घरात शिरले, मागोमाग बाकीचे तिघं. नाना नऊ वर्षांत पहिल्यांदा स्वयंपाकघराच्या मधोमध उभे राहिले. ओट्यावर शेगडी होती, तिच्यावर भरतकाम केलेलं झाकण. नानांनी ते दिमाखात ओढलं, बटण फिरवलं आणि काडी ओढली. काही नाही. दुसरी काडी. काही नाही. तिसरी काडी बोटापर्यंत आली आणि त्यांनी ती फुंकली.

तपासनीस बाई वाकल्या. शेगडीला पाइप नव्हता. ओट्याखाली सिलिंडर नव्हता. एका बर्नरवर शिवणाच्या दोऱ्यांची रिळं नीट रचून ठेवली होती आणि दुसऱ्यावर बटणांची डबी होती.

"ही तुमची चूल?" बाईंनी विचारलं.

"ही... ही पेटायची," नाना म्हणाले. "अगं, ही कधी बंद पडली?"

"सहा वर्षं झाली," माई म्हणाल्या. "पाइप चिरला होता. तुम्हाला सांगितलं."

"मग मी काय म्हणालो?"

"उद्या बघतो म्हणालात."

धाकटी पुढे झाली. तिनं सहा वर्षांपूर्वीचं ते चांगल्या चित्राचं कॅलेंडर खिळ्यावरून उतरवलं. मागे प्लायवुडमध्ये चौकोन कापलेला होता, कडा घासून गुळगुळीत केलेल्या, मोठं पातेलं आरामात जाईल एवढा. पलीकडे धाकट्याची शेगडी मंद आचेवर चालू होती आणि तिच्यावर एकच भाजी शिजत होती. चौघांची.

"ताईंना फोडणीचा धूर सोसत नाही, म्हणून फोडणी मीच करते," धाकटी म्हणाली. "निवडणं, चिरणं त्यांचं. सिलिंडर आम्ही आळीपाळीनं आणतो."

नाना त्या चौकोनातून पलीकडे पाहत राहिले. मनात सहा वर्षांची ताटं एकामागून एक फिरत होती. सकाळी नावं ठेवलेली फोडणी आणि दुपारी वाखाणलेली फोडणी. मास्तरांना ऐकवलेला तो गॅसचा हिशेब. शब्द, बाणा, जिन्यातलं ते भाषण.

"म्हणजे मी खरं बोललो ते खोटं होतं?" त्यांनी तपासनीस बाईंनाच विचारलं. "आणि खोटं लिहिलं ते खरं होतं?"

"काका," बाई म्हणाल्या, "तुम्ही याच घरात राहता ना? तेवढं पक्कं सांगा, म्हणजे मला लिहायला बरं."

धाकट्याला हसू फुटलं. मग धाकटीला. मग माई बरगडीला हात लावून हसू लागल्या आणि "हसवू नका हो, दुखतं" म्हणत रडू लागल्या. बाईंनी पिशवीतून शिक्का काढला आणि दाखल्यावर मारला : 'पडताळणी केली. एक चूल.' तो कुणी बनवलाय हे नानांनी या वेळी पाहिलं नाही. डोळ्यांत पाणी होतं, दिसलं नसतंच.

कार्ड आलं. ऑपरेशन झालं. तीनही खडे एका छोट्या बाटलीत घालून मिळाले. माई घरी आल्या त्या दिवशी नानांनी एक निश्चय केला. ते बाजारातून शेगडीचा नवा पाइप घेऊन आले, पाना आणि पेचकस काढला, अंगातला सदरा खुंटीला लावला आणि ओट्यासमोर उकिडवे बसले. सहा वर्षांची चूक होती, ती आज दुरुस्त व्हायलाच हवी होती. चौकोनातून धाकटा सूचना देत होता, "नाना, उलटा धरलायस," आणि नाना म्हणत होते, "मी आयुष्यभर उलटंच काम केलंय, मला शिकवू नकोस."

पलंगावरून माईंनी स्वयंपाकघराच्या दाराकडे मान वळवली.

"अहो, काय करताय?"

"शेगडी लावतोय. आत्ताच्या आत्ता."

माईंनी त्या पाइपकडे पाहिलं, मग चौकोनाकडे, तिथं धाकटी चौघांची भाजी ढवळत होती.

"राहू द्या," त्या म्हणाल्या. "उद्या बघा."

नानांनी पाना खाली ठेवला आणि पाइप गुंडाळून कपाटात टाकला. कपाटाचं दार लागलं नाही.